यंत्रांवरची हाक

“बोलते कसली, दवंडी पिटते नुसती!” असं पुटपुटत सासूबाईंनी पिशवीचे बंद करकचून आवळले. सुनेचं बाळंतपण करायला आलेल्या त्या बाळंतपणाआधीच घरी परत निघाल्या होत्या. मुलगा मान खाली घालून रिक्षा आणायला गेला होता.

पुढच्या खोलीत सुनेचं शिवणयंत्र धडधडत होतं. गल्लीतल्या घराघरांत तोच धंदा, तीच धडधड. त्या धडधडीच्या वर चढून सुनेची हाक आली,

“आई, चष्मा घेतलात ना?”

“घेतला गं बाई! गल्लीला कळलं, मला नाही कळायचं?”

त्या उठल्या, खिडकीशी गेल्या, परत येऊन बसल्या. पुन्हा उठल्या. बाहेर तारांच्या गुंत्यात बुलबुलांच्या जोडीने घरटं बांधलं होतं. काडी एखादीच, बाकी सगळी कातरणातली लाल-निळी दोऱ्याची टोकं. नर वर बसून गळ्याच्या शिरा ताणत होता. एवढंसं पाखरू, पण आवाज कानात सुईसारखा घुसत होता.

“तूही हिच्याच तालमीतला,” त्या म्हणाल्या.

तेवढ्यात वीज गेली. गल्लीभरची यंत्रं एकदम गप्प झाली. पाखराने आणखी दोनदा तसंच ताणून पाहिलं, मान वाकडी केली. मग त्याच गळ्यातून असा हळुवार सूर निघाला, की सासूबाईंचा हात खिडकीच्या गजावरच राहिला.

पुढच्या खोलीतूनही कुणीतरी बोलत होतं. इतकं हळू, की त्यांना आधी वाटलं, शेजारची कुणी आली असावी. त्या दाराशी गेल्या. सून बंद यंत्रासमोर एकटीच, पोटावर हात ठेवून बसली होती.

“आजी चालली बघ तुझी. थांबा म्हणावंसं वाटतं रे, पण मी तोंड उघडलं की त्यांना राग येतो. आणि मला तर एकटीला फार भीती वाटते.”

सासूबाई मागे सरल्या. पाण्याचा तांब्या उचलला, तसाच ठेवला.

वीज आली. यंत्रं धडधडली, बुलबुल पुन्हा किंचाळू लागला. खाली रिक्षाचा भोंगा वाजला.

“आई, रिक्षा आली!”

त्या पिशवी न घेताच सुनेसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“ऐकू येतंय मला. आणि नीट ऐक, बाळाशी बोलायचं ते यंत्र बंद करून. तू विसरलीस, तर मी आहेच इथे बंद करायला.”