खोडलेली विहीर

मी तेरणा नदीच्या खोऱ्याचा नकाशा. निजामाच्या राज्यात मोजणीदार उन्हातान्हात साखळ्या ओढत फिरले, तेव्हा माझा जन्म झाला. टेकड्यांना तपकिरी रेषा मिळाल्या, ओढ्यांना निळ्या. पाठीला कापड चिकटवलं, म्हणून घड्या पडूनही फाटलो नाही. माझ्यात चूक सापडत नाही, असं कचेरीत बोलत. मला ते आवडायचं.

सास्तूरच्या अलीकडे माझ्यावर एक निळा ठिपका होता. ती लक्ष्मम्माच्या मळ्यातली पायऱ्यांची विहीर. दौऱ्यावरचा प्रत्येक अंमलदार मला उलगडी आणि थेट तिच्या दारी जाई. आधी पाणी मागे, मग जेवण. त्या ठिपक्यानं बाई जेरीस आली होती.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात तिचा धाकटा दीर कल्याणप्पा निजामाचा जकात नाका जाळून पसार झाला. पोलिसांचा अमीन मला बगलेत मारून शोधाला निघाला. मळ्यात त्यानं ठिपक्यावर बोट ठेवलं. समोर कडब्याची गंजी उभी.

"नक्शे में बावडी है. कां गई?"

लक्ष्मम्मानं पदर सावरला. "बुजवली, साहेब. शेरडं पडून मरायची."

गंजीखाली आडवी लाकडं होती, त्याखाली पायऱ्या, आणि पायरीवर कल्याणप्पा श्वास रोखून बसलेला. हे मी पुढं ऐकलं. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं, की विहीर तिथंच आहे आणि ही बाई मला खोटं पाडतेय. लई राग आला.

अमीनानं पाणी मागितलं. तिनं घागरीतलं दिलं. तो तांब्याभर प्यायला. "मीठा है."

"नदीचं हाय, साहेब."

मग मोजणीदारांना शिव्या देत त्यानं लाल पेन्सिलीनं माझ्या ठिपक्यावर फुली मारली आणि घोडा वळवला.

सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. कल्याणप्पा उजळ माथ्यानं हिंडू लागला. पुढच्या वर्षी विहिरीच्या पायऱ्या ढासळल्या, तेव्हा सरकारी मदत मागायला दोघं कचेरीत आले. नव्या कारकुनानं मला टेबलावर पसरलं.

"बाई, इथं विहीर न्हाय. फुली हाय."

"मी त्याच विहिरीत लपलो होतो," कल्याणप्पा म्हणाला.

"मग नकाशात दाखवा."

लक्ष्मम्मा फुलीकडं बघत राहिली, मग दिराकडं. "ऱ्हाऊ द्या, साहेब," ती म्हणाली. "फुली हाय तशी ऱ्हाऊ द्या. पायऱ्या आमी बांधू."

आता मी कपाटात गुंडाळून पडलोय. माझ्यावरून नवा नकाशा निघालाय. त्यात फुलीसुद्धा नाही. तो बिनचूक आहे म्हणतात. तेरणेकाठी कधी तहान लागली, तर कृपा करून आम्हा दोघांपैकी कुणालाच उलगडू नका. लक्ष्मम्माचा मळा विचारा.