महिपती महाराजांचा चिमटा

त्या रविवारी धायरीतल्या आमच्या सोसायटीत सीतारामरावांच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. सून पूर्णिमा खाटेजवळून गेली आणि दीड महिन्यात बोलणं-चालणं विसरलेले सीतारामराव ताडकन उडाले. तिच्याआधी, भूत उतरवायला बोलावलेल्या महाराजांनी सासू चंपा धरून सात जणींना तसंच खाटेजवळून चालवलं होतं, तेव्हा बोटही हललं नव्हतं.

"बघा! भूत मालकिणीला वळखतं!" महिपती महाराज गरजले. "वर्ध्याची पोरगी, कंप्युटरवाली. म्हाताऱ्याची अक्कल हिनंच खेचली. कबूल होईस्तवर कोंडून ठेवा."

आधीचे नऊ दिवसही ती कोंडलेलीच होती. ऑफिस बंद, फोन चंपाच्या कमरेला. नवरा समाधान फरशीकडे बघत उभा.

"मावशी," ती माझ्या कानाशी म्हणाली, "करून टाकते कबूल. निदान दार तरी उघडेल."

तेव्हा दोन हजार अठरा साल होतं आणि मी चौऱ्याहत्तर वर्षांची. पूर्वी शनिवार पेठेतल्या एका प्रयोगशाळेत मी तीस वर्षं काढली. आमचे डॉक्टर दर निकालाला विचारत, "बाई, शेजारी निरोगी माणसाचा नमुना लावलात?" त्याशिवाय सही नाही. तो आवाज अजून कानात आहे.

महाराजांच्या हातातला कड्यांचा लोखंडी चिमटा एकदाच वाजला होता. पूर्णिमा गेली तेव्हा.

"महाराज, आता मी खाटेजवळून जाते. वाजवा."

"देवाचा चिमटा हाय, बाई. कुणाच्या हुकमानं वाजत न्हाई."

"बरं. माझा चमचा वाजतो."

स्वयंपाकघरातला चमचा आणून मी तांब्यावर आपटला. सीतारामराव उडाले. खाटेजवळ कुणीही नव्हतं. मग सगळ्यांना गप्प करून पूर्णिमाला तीनदा फिरवलं. काही नाही.

"भूत चिमट्याला ओळखतं, महाराज. मग मालक कोण?"

महाराजांना तेवढ्यात दुसरीकडे जायचं आठवलं.

खोलीचं दार उघडलं, पण घराबाहेर जायची बंदी आणि फोन तसाच. "आवाजानं दचकतात, बरं," चंपा म्हणाली. "पण दुखणं आलं कुठनं, गोदाताई? ते कळू द्या आधी."

समाधान वडिलांना इस्पितळात घेऊन गेला. मणक्यातलं पाणी बाहेरगावी तपासायला पाठवलं. निकाल आला तेव्हा मीही सोबत गेले. इस्पितळातल्या डॉ. प्रियदर्शनींनी चंपाला समजावलं, "मेंदूतलं एक प्रथिन चुकीच्या घडीचं होतं आणि शेजारच्या प्रथिनांनाही तशीच घडी घालायला लावतं. त्याला प्रायॉन म्हणतात. तपासणीत छोट्या खळग्यांमध्ये चांगलं प्रथिन आणि एक रंग घेतात, त्यात रुग्णाचं पाणी घालून हलवत ठेवतात. बिघडलेलं प्रथिन असेल तर चांगलंही बिघडतं आणि तो रंग चमकतो. यांचा चमकला. आवाजानं दचकणंही याच रोगाचं."

"शेजारी ज्यांना हा रोग नाही त्यांचं पाणी?" मी विचारलं.

त्या हसल्या. "होतं, आजी. शेवटपर्यंत अंधार."

रक्तातलं जनुक ठीक होतं. म्हणजे वारशाने येणारा प्रकार नव्हे, आपोआप उद्भवलेला. समाधानला धोका नाही. कुणी केलेलं नाही.

"औषध?" चंपानं विचारलं.

"नाही हो."

चंपा उठली आणि घरी आली. मग कमरेचा फोन काढून तिनं पूर्णिमाच्या हातात ठेवला.

सीतारामराव स्वतःच्या देहात आणखी दोन महिने अडकून होते. त्यांना कुणालाच सोडवता आलं नाही.

तेराव्याला चंपा म्हणाली, "मला का खरं वाटलं हो?"

"तू सात बायका मोजल्यास. चिमटा किती वेळा वाजला, ते नाही मोजलंस."

तुमच्या दारात असा कुणी आला, तर माझं एवढं ऐका. चमत्कार पुन्हा करायला लावा. आणि या खेपेला चिमटा तुमच्या हातात घ्या.