मागची खोली

हेमराजभाऊ रहांगडाल्यांनी अधिवेशनासाठी मागितलेली पहिली खोली दुसऱ्या दिवशी दुपारी आपणहून मैदानावर आली. खोली पटले मास्तरांची होती. खुंटीवरचं धोतर आणि भिंतीवरचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर यांच्यासकट ती रेल्वे फाटक ओलांडून आली आणि मंडपाच्या बल्ल्या गाडायचं काम चाललं होतं तिथं कडेला उभी राहिली. मंडपाच्या ठेकेदारानं तिच्याभोवती चुन्याची रेघ मारून घेतली. पाण्याचा टँकर वळताना भिंतीला लागू नये, एवढाच त्याचा विचार होता.

मास्तर संध्याकाळी सायकलवर खोली बघायला आले. त्यांच्या घरात खोलीची जागा रिकामी राहिली नव्हती. ओसरी आणि स्वयंपाकघर सरकून एकमेकांना चिकटले होते आणि मध्ये साधी भेगही दिसत नव्हती. मास्तरांनी दाराला हात लावून पाहिला आणि म्हणाले की इथं ती जरा मोठी वाटते. मग ते घरी गेले.

आमच्या धानाच्या गिरण्यांच्या गावाला पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन पहिल्यांदाच मिळालं होतं आणि निवासव्यवस्था हेमराजभाऊंकडे होती. शाळांमध्ये परीक्षा चालू होत्या. मंगल कार्यालयं लग्नांनी भरलेली. धर्मशाळेत भोजन समितीनं तेलाचे डबे आणि पोती रचली होती. त्यामुळे घरोघर जाऊन एकेक खोली मागण्याशिवाय इलाज नव्हता. घरधनी 'घ्या' म्हणाला की पुरे. दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, घर सुस्तावलं, की खोली निघायची. रस्त्यातले लोक सायकली बाजूला घ्यायचे. दोनचार दिवसांत मैदानाच्या पूर्वेला खोल्यांची आळी तयार झाली आणि स्वयंसेवक त्यांत गाद्या, उशा आणि माठ ठेवू लागले.

कटरेबाईंची मांजर तेवढी चुकून खोलीबरोबर गेली. ती पलंगाखाली झोपली होती. कटरेबाई वाटीत दूध घेऊन मैदानावर आल्या, नावानं हाका मारल्या. मांजर समोरच होती. तिच्या गळ्यात प्रतिनिधीचा बिल्ला होता. तिनं बाईंकडे एखाद्या परगावच्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं आणि व्यासपीठाच्या पायऱ्या चढून निघून गेली. कटरेबाईंनी वाटी तिथंच ठेवली. हेमराजभाऊंना वाईट वाटलं, पण त्याच वेळी जनरेटर आले आणि ते तिकडे धावले.

धावण्यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं. सतरंज्या उचलण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि उमेदीची सगळी वर्षं पक्षाला दिली. पद कधी मिळालं नाही, मागितलंही नाही. घर शकुनबाईंनी चालवलं. मागच्या खोलीत शिलाई मशीन होतं, त्यावर त्या गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवायच्या. त्यांचे वडील वारले तेव्हा हेमराजभाऊ पोटनिवडणुकीच्या प्रचारात होते. तेरवी झाल्यावर पोचले. माहेरून परत आल्या तेव्हा शकुनबाईंनी आपलं अंथरूण मशीनशेजारी टाकलं आणि ते पुन्हा कधी उचललं नाही. तेव्हापासून नवराबायकोत कामापुरतं बोलणं उरलं. गॅस संपला. पाहुणे येणार आहेत. ताट झाकून ठेवलं आहे. ही निवडणूक झाली की एकदा बसून बोलायचं, असं हेमराजभाऊ दर निवडणुकीला ठरवत.

एकदाच शकुनबाईंनी काही मागितलं होतं. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी, अधिवेशन कसं असतं ते मला बघायचं आहे, म्हणाल्या. तिथं बायकांची सोय नसते, असं हेमराजभाऊ म्हणाले होते. तेव्हा नसायचीही.

अधिवेशन तोंडावर आलं तशी प्रतिनिधींची संख्या रोज वाढू लागली. ज्या राज्यांतून माणसं येतील असं कुणाला वाटलं नव्हतं तिथूनही फोन येऊ लागले. गावातल्या खोल्या संपत आल्या. काही घरं आता नुसत्या दारांची राहिली होती. दार उघडलं की माणूस मागच्या अंगणात निघायचा. अशा वेळी एका सकाळी नागपूरचे संघटन सचिव देवपुजारी साहेब हेमराजभाऊंच्या घरी आले. साहेब मृदू बोलणारे, कुणाला कधी अरेतुरे न करणारे. पुढच्या खोलीतल्या खाटेवर बसून त्यांनी शकुनबाईंच्या हातचा चहा घेतला, चहाचं कौतुक केलं आणि कप खाली ठेवत म्हणाले,

"महिला प्रतिनिधींना एक खोली कमी पडून राहिली, भाऊ. तुमच्याकडे मागं एक आहे ना?"

आतून मशीनचा आवाज येत होता. विचारून सांगतो, असं म्हणायचं हेमराजभाऊंनी ठरवलं होतं. विचारून सांगतो, हे शब्द त्यांच्या जिभेवर आलेही होते.

"घ्या," ते म्हणाले.

मशीन थांबलं. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झालं.

जेवायला येऊ तेव्हा तिला सांगू, खोलीतून बाहेर ये म्हणू, असा विचार करत ते साहेबांबरोबर निघाले. खोल्या दुसऱ्या दिवशी जातात, म्हणजे वेळ होता. पण मैदानावर स्वागताची कमान तिरपी बसली होती, फिरत्या शौचालयांच्या गाड्या चिखलात रुतल्या होत्या, आणि दक्षिणेकडच्या राज्यांचे स्वयंपाकी सांबारासाठी वेगळी चूल मागत होते. त्या दिवशी ते जेवायला घरी गेले नाहीत. रात्री मंडपातच आडवे झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पंगतीत वाढत असताना रेल्वे फाटकाकडून एक खोली येताना दिसली. भरलेल्या बैलबंडीसारखी डुलत, सावकाश येत होती. दार निळं होतं. तो रंग त्यांनीच कधीतरी प्रचाराच्या भिंती रंगवून उरला म्हणून दिला होता.

हातातली बादली ठेवून ते आधी घराकडे पळाले. वाटलं, ती स्वयंपाकघरात असेल, नळावर गेली असेल. घरात पुढची खोली होती, स्वयंपाकघर होतं आणि त्याला लागून सरळ अंगण. ओट्यावर ताट झाकून ठेवलं होतं. उघडून पाहिलं तर भात अजून गरम होता. काय करावं ते न सुचून त्यांनी उभ्या उभ्या तो सगळा खाल्ला, ताट धुऊन पालथं घातलं, आणि मग मैदानाकडे चालू लागले.

निळं दार वाजवलं तेव्हा शकुनबाईंनीच उघडलं. तीच हिरवी साडी, केसांचा तोच अंबाडा. गळ्यात बिल्ला होता.

"आपण व्यवस्थेतले का?" त्यांनी विचारलं.

हेमराजभाऊ हो म्हणाले.

"फार छान सोय केली तुम्ही लोकांनी. एक उशी मात्र जास्तीची मिळाली तर बरं होईल. माझी मान दुखते."

त्यांची मान दुखते हे हेमराजभाऊंना माहीत नव्हतं. त्यांनी उशी आणून दिली. देताना ते हळूच म्हणाले, "शकुन."

बाईंनी चमकून पाहिलं. मग स्वतःच्या बिल्ल्याकडे बघून हसल्या. "हो, इथं लिहिलंच आहे की."

त्यानंतर अधिवेशन सुरू झालं. हेमराजभाऊ सकाळी तिच्या दाराशी गरम पाणी ठेवायचे, वर्तमानपत्र ठेवायचे आणि बाजूला उभे राहायचे. ती बाहेर यायची, नमस्कार करायची, आणि इतर राज्यांतल्या बायकांबरोबर मंडपाकडे जायची. कोणती भाषा कुणाला कळत होती देव जाणे, पण त्या सगळ्या हसत असायच्या. शकुनबाई हसताना तोंडावर हात धरत नसत. पंगतीत त्या दोनदा भात मागून घेत. आजवर त्या घरात सगळ्यांच्या नंतर जेवल्या होत्या. त्या किती भात खातात हे हेमराजभाऊंनी पहिल्यांदाच पाहिलं, आणि वाढप्याच्या हातून भाताचं घमेलं घेऊन ते स्वतः त्या ओळीत वाढू लागले.

दुसऱ्या दिवशीच्या खुल्या सत्रात त्या भाषणाला उभ्या राहिल्या. त्या वेळी हेमराजभाऊ मंडपाच्या मागं जनरेटरपाशी होते. डिझेल संपत आलं होतं आणि व्यासपीठावरचे दिवे मिणमिणायला लागले होते. कनातीच्या फटीतून त्यांना ती दिसली. ध्वनिक्षेपकाशी उभी होती, हात हलवत होती, अधूनमधून थांबत होती. जनरेटरच्या धडधडीत एकही शब्द कानावर आला नाही. मंडपभर माणसं टाळ्या वाजवताना दिसली. काही बायका डोळे पुसत होत्या. सत्र संपल्यावर हेमराजभाऊंनी भेटेल त्याला विचारलं, त्या बाई काय बोलल्या. फार छान बोलल्या, प्रत्येक जण म्हणाला. काय ते कुणाला सांगता येईना. पटले मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तुम्ही ऐकायला पाहिजे होतं, भाऊ."

शेवटच्या दिवशी सकाळी पाणी ठेवायला गेले तेव्हा ती उंबऱ्यात बसून पदराची शिवण बघत होती. म्हणाली, तुम्ही फार राबलात, जरा बसा. हेमराजभाऊ खालच्या पायरीवर बसले. इतकी वर्षं जे बोलायचं म्हणून ठरवलं होतं त्यातलं पहिलं वाक्य ते शोधू लागले.

"घरी कोण असतं तुमच्या?" तिनं विचारलं.

"बायको."

"तिला आणलं नाही अधिवेशनाला?"

"नाही."

"आणायचं होतं," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "एकदा तरी बघितलं पाहिजे माणसानं. माझ्या घरचे मला कधी नेतच नव्हते."

"मग तुम्ही कशा आलात?"

समोरच्या कमानीवरच्या झेंडूच्या माळा दोन पोरी उतरवत होत्या. "कुणीतरी 'घ्या' म्हणालं," ती म्हणाली. "तेवढं आठवतं. मी मशीनवर होते."

तेवढ्यात समारोपाची घंटा झाली आणि ती पदर सावरून उठली. जाताना म्हणाली, "पाणी छान गरम असतं तुमचं."

दुपारपर्यंत मंडपाचं कापड उतरलं. व्यासपीठाच्या फळ्या ट्रकवर चढल्या. हेमराजभाऊ देवपुजारी साहेबांना शोधत मोटारीपर्यंत गेले आणि विचारलं, खोल्या परत केव्हा जातील.

साहेबांना प्रश्नाचं थोडं आश्चर्य वाटलं. खोल्या परत जात नाहीत, त्यांनी समजावून सांगितलं. पुढचं अधिवेशन पूर्वेकडे आहे, समुद्राजवळ. तिथंही शाळा मिळत नाहीत. खोल्या उद्याच निघतील म्हणजे वेळेवर पोचतील. प्रतिनिधींचीही तक्रार नाही, उलट सगळ्यांना सोय आवडली आहे. मग त्यांनी हेमराजभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमच्याकडे अजून पुढची खोली आहे ना, भाऊ?"

या वेळी हेमराजभाऊंनी थांबून विचारलं. खोलीत माणूस बसला असेल तर त्याचं काय होतं. त्याला बिल्ला मिळतो का. तो विसरतो का.

"व्यवस्थेतल्या माणसाला बिल्ला नसतो," साहेब म्हणाले. "तुम्हाला सगळं आठवत राहील. त्याची काळजी करू नका."

"घ्या," हेमराजभाऊ म्हणाले.

घरी येऊन त्यांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला. स्वयंपाकघरातून तिचं चहाचं पातेलं आणि साखरेचा डबा पुढच्या खोलीत आणून ठेवला. शेजारच्या कटरेबाईंना सांगितलं की जाऊन येतो. कुठं ते बाईंनी विचारलं नाही, नेहमीचंच होतं. मग ते खाटेवर बसून राहिले. त्या दिवशी खोली निघाली नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाची वेळ टळली, गल्ली सुस्तावली, आणि जमीन हलकेच सुटली. मागं स्वयंपाकघर अंगणात मिसळून गेल्याचा बारीकसा आवाज झाला.

फाटक ओलांडल्यावर खोली रुळांच्या कडेकडेनं पूर्वेला वळली. धान कापून झालं होतं, शेतांच्या बांध्यांमध्ये नुसती धसकटं होती. हेमराजभाऊंनी दार उघडून पाहिलं. पुढं लांबवर सगळ्या खोल्या एकामागं एक चालल्या होत्या आणि सर्वांत शेवटी निळ्या दाराची होती. त्यांना फार बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत गाठू, असं त्यांनी मनाशी धरलं आणि चहाचं पातेलं पुसून ठेवलं.

संध्याकाळ झाली. ओळखीची स्टेशनं संपली, पाट्यांवरची अक्षरं बदलली. अंतर तेवढंच होतं. ते उतरून पळाले तर त्यांची खोली मागं थांबायची आणि पुढची तेवढीच लांब चालत राहायची, म्हणून ते परत येऊन बसले. एक नदी आली, जंगल आलं, पुन्हा धसकटं आली. ते दारात उभे राहून हाका मारायचे तेव्हा शेतातली माणसं माना वर करून बघायची. अंतर वाढतही नव्हतं, कमीही होत नव्हतं.

मग एका सकाळी निळ्या दाराच्या खोलीची मागची खिडकी उघडली. शकुनबाई गजांना धरून उभ्या होत्या. मागून येणारी ही खोली कुणाची, असं बघत असाव्यात. हेमराजभाऊंनी उंबऱ्यात येऊन हात वर केला.

शकुनबाईंनी थोडा वेळ पाहिलं. मग ठरावाच्या मतदानाला करतात तसा त्यांनीही हात वर केला, आणि मोजणी होईपर्यंत ठेवतात तसा तो वरच ठेवला.