तळाला भोक असलेला पेला

बायकोचा एक हात लुळा पडला, तेव्हा वेल्डरने एका हाताने बरणी उघडायचं यंत्र बनवलं. ‘बाजारात आणतो’ म्हणत एका कंपनीने केसाने त्याचा गळा कापला. आयुष्याची पुंजी गेली, पुढे बायकोही गेली, तरी हा भोळा सांब कंपनीचीच तळी उचलून धरायचा.

शेवटी लेकीने वैतागून त्याच्यासमोरच स्पीकरवर कंपनीला फोन लावला. “मी तळाला भोक असलेला पाण्याचा पेला शोधलाय.”

“वा! जगात हे कुणालाच सुचलं नव्हतं,” पलीकडचा साहेब म्हणाला. “आता फक्त फी भरा.”

लेकीने फोन आपटला. “ऐकलंत, बाबा? मेले सगळ्यांना हेच सांगतात!”

वेल्डरने फोन उचलून नीट जागेवर ठेवला.

“‘जगात हे कुणालाच सुचलं नव्हतं’, हे त्यांचं वाक्य मी तुझ्या आईला शेवटच्या घटकेला ऐकवलं होतं,” तो म्हणाला. “डोळे मिटता मिटता हसली होती गं ती.”