एसेनगुलचं कापड

आमच्या म्हाताऱ्याला आयुष्यात एकच हाव होती. पैशाची नव्हे, ती असती तर माझं भलं झालं असतं. आपलं एक चित्र गावच्या संग्रहालयात भिंतीवर लागावं आणि गावानं ते उभं राहून बघावं, एवढीच. राजधानीत त्याचं प्रदर्शन झालं होतं, पेपरात फोटो छापून आला होता, मॉस्कोच्या कुणी बाईनं त्याची चित्रं विकत नेली होती. त्याचं त्याला फारसं काही नव्हतं. "तिथं मला कोण ओळखतं, कानिशाय?" म्हणायचा. "इथं ज्यांनी मला वेड्यात काढलं, त्यांनी बघायला हवं."

वेड्यात काढलं हे खरंच. सोव्हिएत राज्य होतं तेव्हा माझा नवरा एसेनगुल सरकारी शेतीच्या पाट्या रंगवायचा, जास्त दूध काढणाऱ्या बायांचे चेहरे रंगवायचा. देवानं दिलेल्या नाकापेक्षा बरं नाक काढून द्यायचा, म्हणून बाया खूश. घरी आला की गोठ्यामागच्या खोलीत शिरायचा, आणि तिथं त्याच्या हातून ना माणूस निघायचा ना घोडा. नुसते रंग. एकावर एक चढलेले पट्टे, नाहीतर मोठा राखाडी पसारा आणि त्याच्या कडेला बोटभर तांबडा. माझी सासू दारातून बघायची आणि म्हणायची, "सूनबाई, ह्याला कुणाची तरी नजर लागलीय."

मला ती चित्रं कळायची का? सुरुवातीला मुळीच नाही. पण एकदा त्या राखाडी चित्रापाशी चहा घेऊन गेले आणि मला एकदम रडू फुटलं. आमची थोरली लेक ज्या हिवाळ्यात गेली, तो हिवाळा होता तो. चहा ठेवून परत आले.

मग ते राज्य बुडालं. दुकानात मीठ मिळेना, तिथं कॅनव्हास कुठला? आमच्याकडे म्हातारी माणसं आपल्या मयतासाठी पांढऱ्या कापडाचे तागे आधीच घेऊन ठेवतात. माणूस पिकल्या वयात गेला की ते कापड फाडून आलेल्या प्रत्येकाला तुकडा द्यायचा. जिर्तिश म्हणतात त्याला. तो घरात ठेवला की गेलेल्याचं आयुष्य आपल्या पोरांना लागतं. मीही पेटीत तागे जपून ठेवले होते. एसेनगुलनं ते बाहेर काढले आणि मी जाजमाच्या लोकरीला लावायचे ते रंग घेऊन रंगवायला बसला.

"अरे मेल्या, तू गेल्यावर लोकांना काय वाटू? तुझं डोकं?" मी ओरडले.

"गेल्यावर मला कशाला विचारतेस? तेव्हाचं तू बघ."

गावभर हसं झालं. एसेनगुल स्वतःच्या मयताचं कापड रंगवतोय म्हणे! पण त्याचं सगळ्यात चांगलं काम त्याच कापडांवर झालं. तो राखाडी हिवाळाही त्यानं त्यावर पुन्हा रंगवला. हे मी बायको म्हणून सांगत नाही. बायको म्हणून सांगायचं तर माझे चांगले तागे वाया गेले.

संग्रहालय आमच्या गावानं स्वतःच उभं केलं, जुन्या क्लबाच्या इमारतीत. प्रत्येक घराण्यानं काहीतरी दिलं. कुणी खोगीर, कुणी आजोबांची पदकं, कुणी लोण्याची बुधली. दिलेली वस्तू नाकारणं म्हणजे त्या घराण्याच्या थोबाडीत मारणं, म्हणून तिथं सगळं आहे, दात उपटायची पकडसुद्धा. ते सांभाळतो तोलोबाय. पूर्वी शाळेत कवायत शिकवायचा. माणूस मनानं अगदी सज्जन आहे, आणि तेच तर दुखणं आहे. म्हाताऱ्यानं आपली सगळी कापडं गुंडाळून त्याच्या हवाली केली.

"बायके," तोलोबाय छातीवर हात ठेवून म्हणाला. थोरल्या भावाला आम्ही तसंच म्हणतो. "हा तर गावाचा ठेवा! नव्या दालनावर छप्पर चढू दे, पहिलं तुमचंच लावतो."

"उलटं लावू नकोस म्हणजे मिळवली."

"सुलटं कुठलं ते दाखवायला तुम्हीच या की!"

छप्पर चढायला वर्षं लागली. दर वसंतात म्हातारा काठी टेकत जायचा आणि परत यायचा. काय म्हणाला तोलोबाय? पत्रे आलेत. पुढच्या वर्षी, खिळे आलेत. छप्पर झालं तेव्हा तिथं आधी चहाचे जुने सामोवार मांडले, कारण जुन्या दालनात गळत होतं. त्या दिवशी म्हातारा जेवला नाही. शेवटी तोलोबायनं नवरोजचा, वसंतातल्या नव्या वर्षाच्या सणाचा वायदा केला, भिंत मोकळी केलीय म्हणाला. म्हातारा इतका खूश झाला की न्हाव्याला घरी बोलावून दाढी नीट करून घेतली. आणि ऐन थंडीत, सण दीड-दोन महिन्यांवर आला असताना, झोपेतच गेला. नव्वदीला टेकला होता.

अंगणात तंबू उभारला. आमच्याकडे विधवेनं आत बसायचं, दाराकडे पाठ करून, आणि गेलेल्यावर कोशोक गायचा. रडायचं ते सुरात, शब्द जुळवून. चांगला गायला तर बाया वर्षानुवर्षं नाव काढतात. मी गात होते. बाहेर माणसांची रीघ लागली होती. इतकं पिकलेलं माणूस गावात दुसरं नव्हतं, प्रत्येकाला त्याचा तुकडा हवा होता.

तेवढ्यात पाठीमागून माझ्या मोठ्या जावेचा, बुबुशचा आवाज आला. "कापड कुठाय? कानिशायच्या पेटीत तर काहीच नाही."

"आणलंय, एजे," तोलोबाय म्हणाला. थोरल्या बाईला आम्ही एजे म्हणतो. "बायकेंनी स्वतःच रंगवून ठेवलं होतं. एवढी वर्षं आम्ही जपलं, भिंतीवर लावणार होतो, पण कापड शेवटी मयताचंच. आपल्या मयताची अशी तयारी कुणी केलीय का?"

"किती केलंय बाई बिचाऱ्यानं!" बुबुश म्हणाली. दातांनी काठ कुरतडल्याचा आवाज आला, आणि मग फाडल्याचा.

रंगवलेलं कापड साधं फाटत नाही. चरचरतं. मी ताडकन उठले. आत बसलेल्या दोघींनी कमरेला मिठी मारली. "धरा गं तिला, घेरी येतेय!" मला खाली बसवलं. ओरडून सांगितलं तर कुणी ऐकेना, जी ती रडतच होती. मग मी गाण्यातच सांगितलं.

"फाडू नका गं बायांनो, कापड नव्हे ते,
माझ्या धन्याचे डोळे ते, फाडू नका.
तुमच्या भिंतीसाठी झुरला जन्मभर,
त्याला दोऱ्यादोऱ्यानं, चिंधीचिंधीनं वाटू नका."

तंबूत हुंदक्यांचा कल्लोळ उठला. "काय सूर लावलाय बाईनं!" शेजारची म्हणाली. "काळीज फाटतं गं!" बाहेर बुबुश आणखी जोरात फाडू लागली. मी गाते तेवढ्या त्या रडत होत्या आणि रडतात तेवढ्या फाडत होत्या. राखाडी हिवाळासुद्धा गेला. कुणाला राखाडी मिळाला, कुणाला तांबडा, बोटभर.

चाळिसाव्या दिवसाचं जेवण झाल्यावर मी बुबुशकडे गेले. तिनं आपला तुकडा नातवाच्या उशीत शिवला होता. म्हटलं, तेवढा परत दे, जोडून बघते. तिचा चेहराच उतरला.

"दिलेला जिर्तिश परत मागतेस? माझ्या नातवाचं आयुष्य काढून घ्यायला आलीस?"

मी तशीच परत आले. इतर कुठल्या दारात गेले नाही.

नवरोज उलटल्यावर तोलोबाय माझ्याकडे आला. खाऊ घेऊन, खाली मान घालून. मला वाटलं, ह्याला आता कळलं. राग गिळून चहा ठेवला.

"एजे, नाही म्हणू नका. तुमचा तो कोशोक आमच्या शाळेतल्या बाईंनी फोनवर उतरवून घेतलाय. असा कोशोक आता कुणाला येत नाही. संग्रहालयात ठेवायचाय."

"तोलोबाय, मी त्यात काय म्हणतेय ते ऐकलंस?"

"ऐकलं तर! ते 'फाडू नका' आलं की माझ्याच्यानं राहवत नाही. कुठून सुचतं हो तुम्हाला?"

"सुचलं नव्हतं. मी तुम्हाला थांबवत होते. ती त्याची चित्रं होती. तू लावणार होतास ती."

तोलोबायचे डोळे भरून आले. माझा हात धरून म्हणाला, "दुःखानं माणसाला काय काय वाटतं, एजे. एवढं मोठं मयत गावानं पाहिलं नव्हतं. त्यांचं काहीही वाया गेलं नाही."

नव्या दालनात आता एक पेटी बसवलीय. बटण दाबलं की माझा आवाज येतो. शाळेची पोरं रांग लावून दाबतात. परवा बुबुश कौतुकानं सांगत होती, तिच्या नातवाला सगळा कोशोक पाठ झालाय.