जळक्या गाडीला सलाम

डोळे मिटा बरं जरा. आता तुम्ही सायकलवर आहात. सायकलच्या दोन्ही अंगांना तंबूच्या, कपड्यांच्या, पाण्याच्या जड पिशव्या लटकल्या आहेत. रस्ता इतका सरळ, की टोकाला आभाळात शिरल्यासारखा वाटतो. मधे एका गाडीपुरता डांबराचा पट्टा, दोन्हीकडे तांबडी खडी. वारा पाठीशी आहे, त्यामुळे पाय हलके झाले आहेत. पुढे तुमची आजी चालली आहे. घाबरण्यासारखं काहीच नाही.

जोसीलाही सकाळी असंच वाटत होतं.

जोसी अकरा वर्षांची. तिच्या आजीने, नोला ट्रेविनने, याच रस्त्यावर उभं आयुष्य शाळेची बस चालवली. जोसीचे बाबासुद्धा त्याच बसमधून शाळेत गेले. गेल्या वर्षी डॉक्टरांच्या सांगण्यावरून नोलाचा गाडीचा परवाना गेला. "रात्रीचं जरा अंधुक दिसतं, एवढंच," असं तिने घरी सांगितलं. आमच्या भागात परवाना गेलेला माणूस म्हणजे पाय मोडलेली मेंढी. कुणी उचलून नेईल तेव्हाच हलायचं. नोला काही दिवस कुणाशी धड बोलली नाही. मग तिने सायकल घेतली.

किरंबी गावात नोलाच्या भावाचा सत्तरावा वाढदिवस होता. जोसीचे बाबा म्हणाले, "आई, मी सोडतो ना गाडीने."

"मी काय पार्सल आहे?" नोला म्हणाली.

शाळेला सुट्टी होती, म्हणून जोसीला सोबत धाडलं. वाटेत तंबूत झोपायचं, डब्यातल्या शेंगा खायच्या. दोन दिवस मजेत गेले. आज तिसरा.

पुढे रस्त्याच्या कडेला एक पांढरी गाडी दिसू लागली. आमच्याकडे रीत आहे, समोर कुणी दिसलं की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. ओळख असो की नसो. नोलाने हँडलवरचं बोट उचललं.

"लायनेल दिसतोय," ती म्हणाली. "बघितलंस? साधं बोट उचलवत नाही मेल्याला. बापासारखाच घुम्या."

जोसीला हसू आलं. मग ती गाडीजवळून गेली. गाडीला चाकं नव्हती, काचा नव्हत्या. आतून ती जळून काळी पडली होती आणि लायनेल जिथे बसायला हवा होता तिथे एक झुडूप उगवलं होतं.

"आजी, गंमत केलीस ना?"

"कसली गंमत?"

जोसीने मागे वळून त्या झुडपाकडे पुन्हा पाहिलं.

चहासाठी त्या एका झाडाखाली थांबल्या. जोसी आता आजीकडे नीट बघू लागली. नोला थर्मासमधून चहा ओतताना कपात बोटाचं टोक धरून होती. चहा बोटाला लागला तशी ती थांबली. समोरचं काही बघायचं झालं की ती कोंबडीसारखी मान वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायची. हे तिचं मानेचं दुखणं आहे असं जोसीला इतके दिवस वाटायचं.

"आजी, माझ्या नाकाला काय लागलंय गं?"

"जॅम," नोला लगेच म्हणाली. "पूस. कायम बरबटलेली असतेस."

जोसीने नाकाला हात लावला. नाक कोरडं होतं. जॅमची बाटली तर अजून उघडलीही नव्हती.

तिने हळूच फोन काढून पाहिला. रेंज नव्हती. चहूकडे खुरटी झुडपं, दूर कुठे एक शहामृगासारखा एमू, बाकी कुणी नाही. तिच्या मनात आलं, आजीला विचारावं. पण विचारलं आणि आजी "हो" म्हणाली तर? मग या एवढ्या मोठ्या रस्त्यावर मोठं माणूस कोण?

"आता मी पुढे जाते," ती म्हणाली.

"काही नको. माझ्या रस्त्यावर मीच पुढे."

"वळणावर मला भीती वाटते, म्हणून."

"वळण? किरंबीपर्यंत एक वळण दाखव, माझ्या वाटचा केक तुला."

नोला खो खो हसली आणि सायकलवर बसली. जोसी मागे. आता तिचे डोळे आजीवर नव्हते, आजीच्या पुढे होते. पुढे एक चढ होता. पाठीचा वारा समोरचा आवाज येऊ देत नव्हता. नोला डांबराच्या बरोबर मधून चालली होती, शिट्टी वाजवत.

चढाच्या माथ्यावर ट्रक उगवला. एका इंजिनामागे तीन डबे जोडलेला. असा ट्रक डांबर सोडत नाही. सोडला तर मागचे डबे उलटतात. त्याचा भोंगा वाऱ्याने मागे फेकला, जोसीपर्यंत पोचला तो मांजराच्या पिल्लासारखा. नोलाची शिट्टी चालूच होती.

"आजी! डावीकडे! खाली उतर!"

"का गं?"

"ट्रक!"

"कुठाय?"

"समोर! आजी, समोर!"

नोलाने हँडल वळवलं. खडीत चाक रुतलं आणि ती सायकलसकट आडवी झाली. जोसीने स्वतःला कुठे फेकलं ते तिलाही कळलं नाही. मग वारा, धूळ, खडे आणि एकामागून एक इतकी चाकं, की ती संपतच नव्हती.

ट्रक बराच पुढे जाऊन थांबला. धूळ खाली बसली तेव्हा नोला मातीत बसलेली होती. 

"मला वाटलं, झाडाची सावली आहे," ती पुटपुटली. मग एकदम जोसीचा दंड धरून म्हणाली, "बाबाला सांगू नकोस. सांगितलंस तर मला अंगणाच्या बाहेर पडू देणार नाहीत गं. कळतंय ना तुला?"

जोसीला कळत होतं. 

ड्रायव्हर धावत आला. दाढीवाला, आडदांड, पण चेहरा पिठासारखा पांढरा. "बाई, जीव नकोसा झालाय का? केव्हाचा भोंगा वाजवतोय मी!"

"उन्हाची तिरीप आली डोळ्यांवर," नोला म्हणाली.

त्याने वर पाहिलं. आभाळ ढगांनी भरलं होतं. मग तो आवाज उतरवून म्हणाला, "मी जिकडून आलो तिकडेच तुम्ही निघालात. मला मात्र उलट्या दिशेला जायचंय. तुम्ही मागे टाकलात त्या पेट्रोल पंपावर सोडतो दोघींना. मागच्या डब्यात जागा आहे सायकलींना."

"आम्ही जाऊ आमच्या," नोला म्हणाली. तिने सायकल उभी केली, मांडीवरची धूळ झटकली आणि हँडल घट्ट धरलं. "चल, जोसी."

ड्रायव्हर जोसीकडे बघू लागला. नोलाही बघत होती, मान वाकडी करून.

 जोसी आजीच्या सायकलीपाशी गेली, गुडघे टेकले आणि पाण्याची पिशवी सोडवून ट्रकमध्ये चढवायला ड्रायव्हरच्या हातात दिली. मग दुसऱ्या पिशवीला हात घातला. तिची कडी निघेना. 

नोलाने हँडलवरची पकड सैल केली.

"खाली दाब," नोला शेवटी म्हणाली. "दाबून मग ओढ."

जोसीने दाबून ओढलं.