बू सुमियेमच्या नावाची पाटी

पुस्पिताला दोन डोळे आहेत आणि दोन्ही त्या नव्या सटवीवर! सकाळी उठली की फोन हातात. तिचे फोटो बदल, तिला फुलं लाव, तिला हसरे चेहरे चिकटव. ही सटवी म्हणजे मोबाइलवरच्या बाजारात आमच्या सूनबाईंनी मांडलेलं दुकान. वय अवघं दोन वर्षं, आणि नखरे बघा! माझ्याकडे मात्र सूनबाईंनी कधी मान वळवून पाहिलं नाही.

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. दारावरची नव्हे, इंटरनेटवरची. शिकलेले लोक मला डोमेन म्हणतात. केरूपुकबूसुमियेम डॉट कॉम हे माझं पूर्ण नाव. लांब आहे, पण कुणाकडून उसनं आणलेलं नाही. ज्या बाईचं नाव, तिचाच स्वभाव माझ्यात उतरला. जिभेला धार आहे, ती तिथूनच आली.

सिदोआर्जोत बू सुमियेमचं कोळंबीचं केरूपुक कोण ओळखत नाही? पापडासारखंच, तेलात सोडलं की ताटाएवढं फुलतं. आमच्याकडे मोठ्या बाईला मानानं बू म्हणतात, पुरुषाला पाक. चौदा वर्षांपूर्वी तिचे यजमान, पाक सार्मिदी, इंटरनेटच्या दुकानात गेले आणि माझी नोंदणी करून आले. दुकानदार म्हणाला, "पाक, नाव जरा छोटं करू या." ते म्हणाले, "बायकोचं नाव कापू? मग रात्रीचं जेवण तू घालशील का?"

तो दिवस होता बुधवार लेगी. आमच्याकडे सात वारांच्या जोडीला लेगी, पाहिंग अशा पाच दिवसांचा आणखी एक फेरा चालतो, म्हणून बुधवार लेगी पस्तीस दिवसांनी एकदाच येतो. पाक सार्मिदींचा जन्म त्या दिवशीचा. लग्न त्याच दिवशी, पहिली भट्टी त्याच दिवशी, आणि मीसुद्धा.

काय दिवस होते ते! मलांगहून, सुराबायाहून लोक माझं नाव टाइप करत आणि केरूपुक मागवत. तिसरीत शाळा सोडलेली बू सुमियेम शेजारणींना म्हणायची, "माझं नाव जगातून कुठूनही दिसतं. तुमचं तुमच्या नवऱ्याला तरी आठवतं का?" मी नुसती फुलून जायचे.

पण आमच्यासारख्या पाट्या कायमच्या विकत मिळत नाहीत. मुदत संपायच्या आत पुन्हा नोंद करावी लागते, नाहीतर नाव मोकळं होतं आणि कुणीही उचलतं. पाक सार्मिदींनी जाण्याआधी माझी पाच वर्षांची नोंद एकदम करून ठेवली. पुढे मुदत संपत आल्याची पत्रं त्यांच्याच ईमेलवर येत राहिली. मेलेल्या माणसाची पत्रं कोण उघडणार?

एका सकाळी माझा दिवा विझला. तिसऱ्या दिवशी मलांगच्या जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. "बू, दुकान बंद केलंत? आम्हाला सांगायचं तरी!"

घरात धावपळ उडाली. पुस्पितानं कंपनीला विचारलं आणि सासूपुढे येऊन बसली. "आई, तीस दिवसांची सवलत आहे. त्यातले तीन गेले. आजच करून टाकू."

"आज कुठला वार? छे. बुधवार लेगी कधी आहे?"

"अजून तीस दिवसांनी. म्हणजे मुदत संपून तेहेतीस होतील, आई!"

"मग कंपनीला सांग, तीन दिवस दम धरा."

"ती काय आपली मावशी आहे का? उद्या तुमच्या नावानं कुणी शांपू विकेल."

"विकू दे. लावणारे टकले होतील. ह्यांनी ज्या दिवशी लावलं, त्याच दिवशी लागेल. उठ आता, पीठ वाळतंय."

मित्रांनो, अंधारात बसून मी दिवस मोजत होते. आणि पुस्पिता? ती कागद बगलेत मारून कधी वॉर्डाच्या कचेरीत जायची, कधी फोनवर कुणाशी तासन् तास बोलायची. त्या नव्या सटवीचीच कामं असणार, दुसरं काय! मी मरायला टेकले आणि हिला तिचे लाड सुचतात, असं मनात येऊन माझा जळफळाट व्हायचा.

बुधवार लेगी उजाडला. बू सुमियेमनं ठेवणीतली कबाया घातली. नाव ठेवताना करतात तशी गुळाची तांबडी आणि नारळाच्या दुधातली पांढरी खीर केली. दोन वाट्या मांडून म्हणाली, "हं, आता कर नोंद."

पुस्पिताची मान खाली. "आई, ती झाली. चार दिवसांपूर्वीच. कंपनी बाबांच्या मृत्यूचा दाखला मागत होती, कुटुंबाच्या नोंदीचं कार्ड मागत होती. सगळं मिळून कागद पुरे झाले त्या दिवशी शनिवार पाहिंग होता. मी थांबले नाही. नोंद आता तुमच्या नावावर आहे. तुम्ही रागवाल म्हणून दिवा तेवढा आज सकाळी लावला."

शनिवार पाहिंगला आमच्या घरात कुणी केससुद्धा कापत नाही. मला मात्र लाज वाटली. सवत सवत म्हणून मी जिच्यावर जळत होते, तिच्या जुन्या फोटोंना या महिन्याभरात कुणी हातही लावला नव्हता, आणि मला ते दिसलं नव्हतं. तरी खरं सांगते, ती फुलं मला अजून खुपतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं नाव कुणीतरी मागे ठेवून गेलं असेल. त्याची मुदत कधी संपते, पत्रं कुणाकडे येतात, एवढं विचारून ठेवा. आमच्यासारख्यांना हाक मारता येत नाही हो. आम्ही फक्त विझतो.

बू सुमियेमनं चष्मा लावला, फोन लांब धरला आणि आपलं नाव एकेक अक्षर लावत वाचलं. मग दोन्ही वाट्या सुनेपुढे सरकवल्या.

"पुस्पिता, तू खोटारडी आहेस. नोंदीवरून माझं नाव काढ आणि तिथं तुझं घाल, मला ती पत्रं वाचता येत नाहीत. आजपासून या पाटीची मालकीण तू. आणि रडू नकोस, खिरीत मीठ पडेल."